शेवटच्या ओळीची जागा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो तारनाक्याला राहणाऱ्या सरांचा. घरी सिनेमा लावण्याआधी ते पंखा बंद करत, पडद्याला नमस्कार करत आणि म्हणत, "बोलणाऱ्याला ऐकणारा हवा."

घरातला पहिला पदवीधर होऊनही मी रिकामा होतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या सरांनी मला शेजारी बसवून सिनेमाखालच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, मराठीत लिहायला शिकवलं. आज त्यावरच माझं घर चालतं.

सरांचा ध्यास एकच, एस्पेरांतोतला एक फार जुना चित्रपट. ही ठरवून घडवलेली भाषा, कोणत्याच गावची नाही. तिच्यात पूर्ण लांबीचे चित्रपट निघायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाचा हा. नटांना ती भाषा येत नव्हती; त्यांनी संवाद नुसते पाठ केले होते.

"आपण काय बोलतोय हे यांना ठाऊक नाही," सर म्हणत, "तरी डोळ्यांत पाणी बघ."

शेवटी दारात उभी असलेली बाई थेट आपल्याकडे बघून एक ओळ बोलते. नेमका तिथेच आमच्याकडच्या प्रतीतला आवाज गेलेला. बाकी सगळं भाषांतर झालं होतं. ही एक ओळ सर कित्येक वर्षं तिच्या ओठांवरून वाचू बघत होते. तुम्ही कधी आवाज बंद करून ओठ वाचून पाहा, म्हणजे कळेल.

एकदा कंटाळून मी तिथे लिहिलं, 'लवकर परत या.' सरांनी ते शांतपणे खोडलं. "ही तुझ्या आईची ओळ आहे. तिची नाही."

सरांच्या इमारतीचा वॉचमन मला जिन्यात गाठायचा. "सर अकेले रहते ना? फिर बाताँ किससे करते?" मी हसायचो.

दवाखान्यात नेताना सर म्हणाले, "ओळ कळली तर सांगेन." ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर त्यांच्या पुतण्याकडून किल्ली घेतली. भर दुपार होती. पंखा बंद केला, नमस्कार केला. सरांची खुर्ची जागेवरच होती. सिनेमाची तीच फाइल लावली, शेवटी तेच दार. पण या वेळी बाईचे ओठ हलले नाहीत. ती खुर्चीकडे बघत होती. समोरचा बोलत असताना आपण मान किंचित कलती करतो, तशी. मग तिने हळूच होकार दिला.

खाली वॉचमन म्हणाला, "आज सर की आवाज आई उप्पर से."

घर आता बंद असतं. तरी मी आबिड्सच्या पोस्टातून त्याच पत्त्यावर पत्र टाकलं. ते अजून परत आलेलं नाही.

"आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
शेवटच्या ओळीची जागा रिकामी ठेवली आहे. ती आता बोलत नाही, ऐकते. तुम्ही तिला काय म्हणालात, तेवढं कळवा. खाली तेच लिहीन."