तिघांपैकी माझी कोणती

आमचा दादा शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की माप सांगेल, पण गाण्याबजावण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. आणि लेक निघाली पाइप ऑर्गनवाली! भिंतभर उंच नळ्यांचं ते अवाढव्य वाद्य. हातांनी पट्ट्या दाबायच्या, पायांनी खालच्या लाकडी दांड्या. घरात ते कुठलं मावायला? म्हणून माळ्यावर विजेवर चालणारं एक जुनं धाकटं भावंड आणलेलं. शेजारी कटकट करतात, तेव्हा कानाला हेडफोन. सूर सगळे तिला, आणि खाली दुकानात दादाला पट्ट्या-दांड्यांची नुसती टकटक! त्या टकटकीवर त्यानं किती काज-बटणं केली असतील, देव जाणे. पोरीचं नावच 'टकटक' पडलं.

स्पर्धेच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, आम्ही तिघं चर्चच्या वरच्या सज्जात पडद्याआड वाजवणार. आधी कोण, नंतर कोण, कुणालाच सांगत नाहीत. पण तुम्ही मला ओळखाल ना?"

"म्हणजे काय! पोटची पोर ओळखू येणार नाही?"

बोलायला ह्याचं काय जातंय! सरावाला बाहेरच्यांना आत सोडत नव्हते, आणि हा तरी दुकान सोडून कुठे जातोय? तिचं खरं वाजवणं त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. बक्षीस तिला हवं होतंच, पण सगळा जीव अडकला होता तो बापानं ओळखण्यात.

पहिलं वादन सुरू झालं आणि बाकसुद्धा थरथरलं. दादानं माझा हात घट्ट धरला. "हीच!" दुसरं सुरू झालं. "नाही गं, ही असेल." तिसऱ्याला तर कान टवकारून पुढेच झुकला. दुकानात ऐकू यायची ती टकटक शोधत होता बिचारा. त्या गडगडाटात ती कुठून ऐकू येणार? तिन्ही वेळा रुमाल मात्र भिजवला.

निकालाआधीच मुलं खाली आली. टकटक धावत पुढे. "बाबा, मी कितवी?"

मी दादाला चिमटा काढला. ठोकून दे की काहीतरी! पण हा माणूस खोटं बोलेल तर शपथ.

"नाही ओळखलं गं, बाळा."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला दादाचा असा राग आला म्हणता!

"प्रत्येक वेळी वाटलं, हीच माझी," तो म्हणाला. "तिन्ही वेळा जीव मुठीत धरून बसलो. कुणाचंच चुकू नये, म्हटलं. न जाणो, तीच माझी असायची."

मागून एक उंच मुलगी पुढे आली. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं. "काका, मी दुसरी. मधे चुकले मी. कळलं का हो?"

"कळलं असतं तरी कुणाला सांगितलं नसतं."

ती रडता रडता हसली. टकटक तिच्याकडे बघत राहिली, मग बाकावर सरकून बापाशेजारची जागा तिला दिली. "बस इथे," म्हणाली, आणि मान खाली घालून, "मी तिसरी होते, बाबा."

दादा माझ्याकडे वळला. "मग तिसरीलाच मी जास्त रडलो ना गं?"

पोरगी श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. "हो तर," मी म्हटलं. "रुमाल पिळावा लागला!"

खोटं बोलणारं घरात एक तरी माणूस हवंच.