नाव नसलेली नळी

रक्तपेढीत तिला सगळे ‘लेबलबाई’ म्हणत. नळीवर पेशंटचं नाव नसलं, तर ती नळी हातातही घेत नसे. ‘ही उद्या नवऱ्यालाही चिठ्ठी चिकटवल्याशिवाय घरात घेणार नाही,’ असं म्हणून सगळे हसत, तीही हसे. पदवीला असताना सरांनी मनावर बिंबवलं होतं : चुकीच्या गटाचं रक्त चढलं, तर माणूस आपल्या हातून जातो.

त्या दुपारी एक माणूस जिना उतरून धावत आला. वरच्या मजल्यावर त्याची बहीण बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. त्याने मूठ उघडून नळी पुढे केली. वर नुसता बोटांचा घाम.

‘यावर नाव नाही. पुन्हा रक्त काढून आणा.’

‘अहो मॅडम, माझ्या डोळ्यांदेखत काढलंय. ताईचंच आहे.’

‘असेल हो. पण नुसत्या शब्दावर मला रक्त देता येत नाही.’

‘पाया पडतो तुमच्या!’

कुणालाही चालेल अशा रक्ताची एकही पिशवी त्या दिवशी उरली नव्हती. तिने वॉर्डात फोन केला, भावाला परत पिटाळलं. नाव लिहिलेली नळी आली तशी तिने गट तपासला, रक्त जुळवलं, पिशवी वर धाडली.

पिशवी तशीच परत आली; बाळंतीण तोवर गेली होती.

चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. उलट साहेब म्हणाले, ‘नव्या पोरांनी हे शिकावं.’ तिला मात्र घास गिळवेना. भाऊ टेबलावरच टाकून गेलेली पहिली नळीही तिने नंतर तपासली होती. गट तोच निघाला. हे ती कुणाशी बोलली नाही.

‘अगं, तू चुकली नाहीस,’ नवरा म्हणाला.

‘चुकले असते तर माफी तरी मागितली असती.’

काही आठवड्यांनी त्या बाळंतिणीचा भाऊ रक्तपेढीत आला. दाढी वाढलेली.

‘एकच विचारतो. त्या पहिल्या नळीत ताईचंच रक्त होतं ना?’

‘गट तोच निघाला,’ ती म्हणाली.

तो अंगावर येईल असं तिला वाटलं. त्याने फक्त मान हलवली. ‘बाळ फार रडतं हो,’ म्हणाला आणि निघून गेला.

तिने बदली मागितली, मिळाली नाही. नोकरीही सुटेना, दुसरं काही येत नव्हतं. जिन्यावर धावती पावलं वाजली की ती शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणे, ‘तू बघ गं,’ आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राही.