जुना रंधा

काल शेजारी कुणी बाभळीची फळी कापत होतं, तिचा वास आला अन् साठ वर्षांपूर्वीचा राग उसळला.

परंडा गावात आमची सुतारकी होती. नवऱ्याचा हात मोडला, म्हणून मी बाजारातून जुना रंधा आणला, त्याचं पातं दगडावर घासून गोलसर केलं, तोंड कानशीनं रुंद केलं. खडबडीत बाभळीच्या जाड ढलप्या भराभर निघू लागल्या.

तेवढ्यात थोरले दीर आले. "बाईनं रंधा धरायचा न्हाय," म्हणत त्यांनी तो हिसकावला.

"मग भाऊजी, गिऱ्हाइकाचं काम कोण करणार?" मी ओरडले.

दिरांनी त्याच रंध्यानं फळी तासली अन् गिऱ्हाइकाला सांगितलं, "म्या बनवलाय ह्यो रंधा." नवरा सगळं ठाऊक असून मान खाली घालून बसला.

दीर वारले तेव्हा मी रडले. नवऱ्याची ती खाली गेलेली मान मात्र मी अजून माफ केलेली नाही.