दार मी अडवलं होतं

ऐंशीच्या दशकात दंगल पेटली तेव्हा आम्ही कामतघरला, यंत्रमागांच्या वस्तीत राहायचो. समोरच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारा मुसलमान कारागीर बायकामुलांना घेऊन आमच्या मागच्या दाराशी आला. दार थोरल्या जाऊबाईंनी उघडलं. पुढचं सगळं मी ठरवलं. दोरीवर नेहमीइतकेच कपडे वाळत घालायचे. मुलं रडली की रेडिओ मोठा करायचा. हत्यार आत आणायचं नाही. त्याच्या हातातली लोखंडी सळई मीच बाहेर टाकायला लावली. ज्याला आसरा द्यायचा तो निःशस्त्र हवा, नाहीतर आपणही एका बाजूचे होतो. माझं हे मत आजही बदललेलं नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "घाबरलेली मान्सं हायत. त्यात मत कसलं गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलेली वीज आली आणि समोर एक लूम आपोआप खडखडू लागला. पळताना त्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं. मागावर ताणलेले उभे धागे तुटतील म्हणून कारागीर ताडकन उठला.

"भाभी, ताना टूट जाएगा!"

"कर्फ्यू आहे. नाक्यावर पोरं तलवारी घेऊन उभी आहेत," मी दार अडवून म्हटलं.

"दो मिनट का काम है."

मी त्याला कारणांमागून कारणं दिली. बायकोने सदरा धरला, तो त्याने सोडवून घेतला. जाऊबाई स्टोव्हपाशी होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "बस रे खाली. भाकर थंड होतीय."

तो बसला. लूम खडखडत राहिला आणि तो रडत रडत भाकरी मोडत राहिला.

माझं इतकं बोलणं वाया गेलं आणि जाऊबाईंची एक भाकरी पुरली. ते मला तेव्हाच झोंबलं. कर्फ्यू उठल्यावर त्याची बायको जाऊबाईंच्या गळ्यात पडली. मला लांबूनच सलाम.

पुढे दर ईदला तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचा. एका वर्षी दार मी उघडलं.

"दीदी हैं?"

"लेकीकडे गेल्यात. मी आहे ना."

त्याने डबा जरा मागे घेतला. "फिर कल आता हूँ, भाभी."

"या की आत. चहा टाकते."

तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. डबा मांडीवरच. चहा संपेपर्यंत त्याने दोनदा विचारलं, दीदी कधी येणार. दोन्ही वेळा मी खरं तेच सांगितलं, उद्या सकाळी.


तो दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन आला. मी बाजारात निघून गेले.