बर्फ आणा

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मासेबाई म्हणतात. मासा मेला की त्याचं यकृत, कल्ले, मेंदू झटपट काढून गोठवायचं, हे त्यांचं काम. मेल्यावरही जनुकं काही वेळ चालूच राहतात. काही तर तेव्हाच जागी होतात. उशीर झाला, की जिवंत माशात कुठली चालू होती हे कळायचं राहूनच जातं. म्हणून कुणी रेंगाळलं की बाई खेकसतात, "बर्फ आणा! माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

त्यांची आई घरीच वारली. डॉक्टरांनी मान हलवली आणि बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "बर्फ आणा."

"अगं, आत्ताच तर गेली ती," भाऊ म्हणाला. "अगदीच दगड आहेस तू." पण गेला आणायला.

बाई रडल्या नाहीत. आईचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. भावजय हळूच म्हणाली, "ताई, सोडा आता."

तेवढ्यात भाऊ बर्फ घेऊन आला. बाईंनी मानही वर केली नाही.

"बाहेरच ठेव," त्या म्हणाल्या. "हिच्या आत अजून काम चालू आहे."