नुसतं बसलं की थिजणारा कॉम्प्युटर

तिला सगळे फुंकरताई म्हणत. कुठलंही यंत्र समोर आलं की ती आधी त्याचं झाकण उघडायची आणि आत एक लांब फुंकर मारायची. धूळ उडवायला ब्रश होता, हवेचा छोटा पंपही होता, पण पहिली फुंकर तोंडानेच. "आधी ओळख होऊ दे," असं ती म्हणायची. निम्मी यंत्रं त्या फुंकरीनेच बरी होतात, बाकीचे चार दिवस ही उगाच ठेवून घेते, असं तिची थोरली बहीण गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची.

दुकान दोघी बहिणींचं मिळून एकच. डावीकडे अक्काचं शिवणयंत्र, उजवीकडे फुंकरताईचं टेबल. मध्ये आडोसा नव्हता, त्यामुळे कधी एखाद्या कॉम्प्युटरच्या पोटात दोऱ्याचं टोक निघायचं, तर कधी नव्या कोटाच्या खिशात बारीकसा स्क्रू. ताईने आधी एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ते बंद झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणून, खोलून, जोडून ती हे काम शिकली. एका जागी बसणं मात्र तिला कधी जमलं नाही. चहासुद्धा उभ्याने प्यायची.

त्या वर्षी धुकं लवकर आलं होतं. सकाळचे दहा वाजले तरी समोरची दुकानं दिसत नव्हती. त्या पांढुरक्यातून एक बाई कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून आली, आणि तिच्या मागून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, हातात नुसती वायर सांभाळत. बाई त्यांची सून होती. ते स्वतः पाणीमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अडतीस वर्षं रोज सकाळी पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायची आणि नदीची पातळी वहीत लिहायची, हे त्यांचं काम. ओळखीपाळखीचे त्यांना नदीकाका म्हणत. आता ते घरी बसून त्या नदीवर पुस्तक लिहीत होते.

"मध्येच थिजतो," सून म्हणाली. "स्क्रीनवरचं सगळं जिथल्या तिथे राहतं. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. शेवटी बटण दाबून बंद करावा लागतो."

"केव्हा थिजतो?"

"त्याला काही वेळकाळ नाही."

"मी नुसता बसलेला असतो तेव्हा," काका म्हणाले.

सुनेने ताईकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सुचवलं. मग काका अक्काच्या शिवणयंत्राकडे वळलेत असं पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "ते काहीतरी दाबतात आणि विसरतात. चार परिच्छेद लिहिले म्हणतात, उघडून बघावं तर दोनच. बाकीचे यंत्राने खाल्ले म्हणतात. हल्ली जरा असं व्हायला लागलंय. तुम्ही समजून घ्या."

ताईने समजून घेतलं. चुकीचं समजून घेतलं, असं ती पुढे स्वतःच सांगायची.

फुंकर मारून झाल्यावर तिने सगळं रीतसर तपासलं. पंखे फिरत होते. प्रोसेसर तापत नव्हता. मेमरीच्या चाचणीत एकही चूक निघाली नाही. डिस्क ठणठणीत. यंत्र स्वतःच्या बिघाडांची एक रोजनिशी आत लिहून ठेवत असतं. तिने तीही वाचली. त्यात तक्रार अशी नव्हतीच. एका क्षणापर्यंत सगळं सुरळीत, आणि त्यापुढची नोंद थेट नव्याने सुरू झाल्याची. बोलता बोलता कुणीतरी वाक्य अर्धवट टाकून उठून गेल्यासारखं.

तीन दिवस तिने त्या यंत्राला उसंत दिली नाही. मोठाली गणितं, जड चित्रं, एकामागून एक चाचण्या. ते एकदाही थिजलं नाही. तिने परत दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुनेचा फोन आला. मग ताईने मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन. तिने पॉवर सप्लाय बदलला. त्यानंतर आठवड्याभराने सून एकटीच दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"डॉक्टरांची वेळ घेतलीय आम्ही," ती म्हणाली. "बाबांच्या मेमरीसाठी."

अक्काने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं. "हिने पण मेमरीच बदलली होती," ती म्हणाली. "काही उपयोग झाला नाही."

सून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "घरात त्यांना कुणी खोटं पाडत नाही हो. पण आता ते स्वतःलाच विचारायला लागलेत. काल मला म्हणाले, मी ते खरंच लिहिलं होतं का गं, की मनातच लिहिलं?"

ते वाक्य ताईच्या डोक्यातून जाईना. दुपारी तिने हत्यारांची पिशवी उचलली आणि नदीकाठचं ते घर गाठलं.

काकांची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबलासमोर रुंद खिडकी, आणि खिडकीत नदी असायला हवी तिथे धुकं. भिंतीला लागून एक लांब फळी, तिच्यावर अडतीस वह्या, सगळ्यांच्या पाठीला एकाच रंगाचं कापड. खोलीत वाळलेल्या शाईचा आणि ओल्या लाकडाचा वास होता.

"मी काय करू?" काकांनी विचारलं.

"रोज करता तेच. मी इथे नाहीच असं समजा."

काका दोन बोटांनी टाइप करायचे. दोन ओळी लिहिल्या की हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग आणखी एक ओळ. पहिला अर्धा तास ताईचा जीव नुसता वरखाली होत राहिला. तिने खिडकीच्या काचा मोजल्या. बसल्या स्टुलाचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळला. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि नाइलाजाने तीही बाहेर बघायला लागली.

धुकं हलत होतं, पण कुठे जात नव्हतं. मध्येच एखादी फिकट रेघ दिसायची, पाण्याची की पलीकडच्या काठाची ते कळायच्या आत पुसली जायची. तिला एक्स्चेंजमधल्या दुपारी आठवल्या. जेवणाच्या सुमारास कुणीच कुणाला फोन करत नसे. बोर्डावरचे सगळे दिवे विझलेले, कानाला लावलेल्या यंत्रात नुसती एक बारीक गुणगुण, आणि त्या गुणगुणीत दूरदूरची घरं जेवून पहुडलेली. तिला तेव्हा ती घरं दिसायची. हे ती कुणाला कधी बोलली नव्हती.

"काका," ती एकदम म्हणाली, "कुठल्याही दिवसाचं पाणी सांगता येतं तुम्हाला?"

"अडतीस वर्षांतला असेल तर."

तिने स्वतःच्या जन्माची तारीख सांगितली. काका उठले. फळीवरून बोट फिरवत अगदी पहिली वही काढली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला, मग सावकाश पानं उलटत खिडकीपाशी आले.

"दोन मीटर चाळीस," त्यांनी वाचलं. "वारा नाही. धुकं दाट, पलीकडचा काठ दिसला नाही. साडेनऊच्या सुमारास एक होडी गेली. दिसली नाही, वल्ह्यांचा आवाज आला." त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "होडीचं लिहायचं नसतं खरं तर. नवा होतो तेव्हा, लिहायचो."

ताईने ते अक्षर दोनदा वाचलं. आपण जन्मलो त्या सकाळी कुणीतरी वल्ही मारत चाललं होतं, आणि ते कुणीतरी ऐकून ठेवलं होतं. दोघंही बराच वेळ ती वही मध्ये धरून उभे राहिले.

मग तिची नजर स्क्रीनवर गेली. कोपऱ्यातल्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात चारला पंचवीस कमी.

तिने माउस हलवला. बाण हलला नाही. कॅप्स लॉकचं बटण दाबलं, त्याचा दिवा लागला नाही. आतला पंखा मात्र निवांत फिरत होता.

"काका, तुम्ही याला शेवटचा हात केव्हा लावला?"

"तुम्ही तारीख सांगायच्या आधी. मग वहीच तर बघत होतो."

"खरंय. मी इथेच होते."

"तुम्ही पाहिलंत," काका म्हणाले. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ काचा पुसत राहिले. ताईने मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळाने ती खाली उतरली. सून जिन्यापाशीच उभी होती.

"त्यांनी काही दाबलं नाही," ताई म्हणाली. "माझ्यासमोर थिजला. चूक असेल तर माझी आहे. दुकानात मी त्याला क्षणभर मोकळं सोडलं नाही, म्हणून तो मला सापडला नाही. हा कामात बिघडतच नाही. विश्रांतीत बिघडतो."

"विश्रांतीत?"

"प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला डुलकी काढतो. दोन अक्षरांच्या मधल्या वेळातसुद्धा. नदीच्या घाटाला पायऱ्या असतात ना, तसा तो एकेक पायरी खाली उतरतो. काम आलं की झटकन वर. हा मात्र अगदी खालच्या पायरीवर गेला की त्याला वर येता येत नाही. तुम्ही भराभर लिहीत असाल तर तो तिथवर जाणारच नाही. काका विचार करत बसतात, मग याला खोल जायला वेळ मिळतो. आणि बटण दाबून बंद केला की सेव्ह न केलेले परिच्छेद जातात."

सून पायऱ्या चढून वर गेली, आणि ताईला वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

अंदाज बरोबर आहे की नाही हे बघायलाच आठवडा गेला. ताईने एक छोटंसं गणित मागे सतत चालू ठेवलं, म्हणजे प्रोसेसरला डोळा लागायला नको. तीन दिवस काका हवं तितकं बाहेर बघत बसले. यंत्र जागं राहिलं. तिने गणित बंद केलं, त्याच दुपारी ते थिजलं. तिने सुटकेचा सुस्कारा सोडला. आता बिघाड तिच्या मुठीत होता. यंत्र सुरू होताना त्याच्या मूळ मांडणीचं एक पान उघडता येतं, बायोस म्हणतात त्याला. आधी तिने बायोसची नवी आवृत्ती घालून पाहिली. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा तिने त्या पानावर झोपेच्या पायऱ्यांची यादी शोधली आणि सगळ्यात खोल झोप तेवढी बंद केली. वरच्या हलक्या डुलक्या तशाच ठेवल्या.

"थोडी वीज जास्त लागेल," तिने काकांना सांगितलं. "आणि हात लावला तर जरा कोमट लागेल."

"चालेल. थंडीच आहे," काका म्हणाले.

त्यानंतर तो थिजला नाही. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. ताई आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी चक्कर मारायची, यंत्र बघायला म्हणून. यंत्र बघायला दोन मिनिटं लागायची, आणि ती परतायची दिवेलागणीला. "काय करत होतीस इतका वेळ?" अक्का विचारायची. "काही नाही," ती म्हणायची, आणि अक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहायची, कारण हे उत्तर तिने या बहिणीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांकडे काका गेले. वेळ घेतलेली होती, मोडायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली. काकांनी तारीख सांगितली, त्या तारखेची नोकरीतल्या शेवटच्या दहा वर्षांतली पातळीही सांगितली, आणि दोन मोठ्या पुरांचं सविस्तर वर्णन केलं. बाहेर रोगी ताटकळत बसले. वयाच्या मानाने उत्तम, चष्मा तेवढा गळ्यात अडकवा, एवढंच शेवटी डॉक्टर म्हणाले.

गेलेले परिच्छेद मात्र परत आले नाहीत. काकांनी ते पुन्हा लिहिले, पण पहिल्यासारखे उतरले नाहीत असं त्यांना वाटत राहिलं. सून आता रोज संध्याकाळी लिहून झालेलं पान त्यांना वाचून दाखवायची. एकदा जिन्यात ती ताईला म्हणाली, "मी त्यांना खोटं कधी म्हटलं नाही. पण खरंही म्हटलं नाही ना." ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी काकांनी तिघींना पुलावर नेलं, सुनेला, ताईला आणि अक्कालाही. धुकं इतकं होतं की चौघांनी एकमेकांचे हात धरले होते. काका कठड्याशी थांबले आणि खाली बोट दाखवलं. खांबावरची पांढरी पट्टी वरून दिसत होती, खाली जाता जाता विरत होती. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"मला नाही दिसत आता," ते सुनेला म्हणाले. "तू वाच."

ती कठड्यावर ओणवी झाली. बराच वेळ काहीच दिसेना. मग धुक्यात एक फट पडली आणि काळं, संथ पाणी वर आल्यासारखं झालं.

"एक मीटर," ती म्हणाली. "एक मीटर पंच्याऐंशी. नाही, थांबा बाबा. श्याऐंशी."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं.