उसवून जोडलेला एकशे बारावा अंक

मुकुटबनच्या शिलाईवाल्या इंदूबाईंकडे ‘झुंबड’चे चाळीस वर्षांचे अंक होते, पण धड एकही नव्हता. ‘झुंबड’ म्हणजे चित्रकथांचं मासिक. दर महिन्याला पाच गोष्टी, आणि मेल्या पाचही ‘क्रमशः’! त्यांच्याकडं वाचायला आलेला नवा माणूस मधलाच अंक उचलायचा, कोण कोणाला कशासाठी मारतंय हे न कळून वैतागायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही. म्हणून इंदूबाईंनी कात्री हातात घेतली. प्रत्येक गोष्ट नव्या पानावर सुरू व्हायची, त्यामुळे सोपं होतं. एकेका गोष्टीची पानं साऱ्या अंकांतून काढायची, ओळीनं लावायची, मशीनवर टीप मारायची. मुखपृष्ठं तेवढी पेटीच्या तळाशी.

“आंधी एक गोष्ट पुरी वाच,” त्या नव्या माणसाला सांगत. “गोडी लागली का चालू महिन्याचा अंक इकत घे, अन् मांगच्या गोष्टी माह्या पेटीतून नेत राह्य. पयल्या अंकाच्या मांगं लागशीन तं वाचनं राहूनच जाईन.” अर्धं गाव असंच वाचायला लागलं होतं. इंदूबाईंना त्याचा केवढा तोरा!

उन्हाळ्यात बाभुळगावहून कपिल आला. बँकेत नोकरीला, दोन वर्षांपासून ‘झुंबड’ जमवणारा. एकशे बारावा अंक त्याला कुठंच मिळत नव्हता. इंदूबाईंनी कौतुकानं पेटी उघडली. त्यानं एक पुस्तक चाळलं, दुसरं चाळलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“काकू, काय केलं हे? सारे अंक मारून टाकले तुमी.”

तो गेला, पण ते बोलणं जिव्हारी लागलं. चार दिवस मशीन बंद. जन्मभर आपण अंक जपले की त्यांची वाट लावली? जेवणावर वासना राहिली नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, तो एक अंक तरी जोडून द्यायचा. चार पुस्तकांची टीप उसवून त्या अंकाची पानं काढली. पाचवं प्रेरणाकडं होतं. ती शेजारी राहायला आलेली नर्स, आयुष्यात पहिल्यांदाच चित्रकथा वाचत होती.

“अर्धंच झालं ना काकू. थे बाई आता कुठं विहिरीत उतरली.”

“दोन दिवसानं देतो ना वं,” म्हणत इंदूबाईंनी पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं.

निरोप मिळताच कपिल परत आला. जोडलेला अंक पाहून त्याचे डोळे भरून आले. त्यानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि वरून चिकटपट्टी लावली.

“वाचून तं पाह्य,” इंदूबाई म्हणाल्या.

“नाही काकू, हात लागला का पानं तुटते. संच पुरा झाला, बस झालं.”

कपिल दुपारच्या एसटीनं गेला. संध्याकाळी प्रेरणा आली आणि परत मिळालेलं पुस्तक तिनं उभ्यानंच उघडलं. विहिरीत उतरलेली बाई पुढच्याच पानावर भरबाजारात उभी होती.

“काकू, बाहेर कशी निघाली थे?”

इंदूबाईंनी सांगायला तोंड उघडलं, पण आठवेना. आजवर कोणी विचारलं की पुस्तक काढून हातात ठेवायचं. तोंडानं सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. प्रेरणा वाट पाहत उभी राहिली.

“माह्याच हातानं देऊन बसलो वं,” इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरलं नाही.